अख्खं घर, मागची खोली

शरीफाबींच्या घराची मागची खोली कधी फार दिवस रिकामी राहिली नव्हती. रोह्याच्या कंपन्यांत नोकरीला लागलेली परगावची पोरं एकामागून एक तिथं राहून गेली. शेवटचा हर्षद. साताऱ्याकडचा, अबोल, भाडं न मागता आणून देणारा. लग्न ठरलं तसा पेढे देऊन गेला, आणि त्याची गादी उचलून आठवडा होतो न होतो तोच शेजारचे इरशादभाई कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या ओळखीचा एक मुलगा होता. डिप्लोमा झालेला, शिफ्टमध्ये कामाला, सुपारीसुद्धा न खाणारा.

शरीफाबी हो म्हणणार, एवढ्यात हुमेरा मधे बोलली. "अम्मी, खोली नको देऊया. घर देऊया."

सुनेचं म्हणणं असं होतं, की कुंडलिकेवर राफ्टिंगला येणारी माणसं दर शनिवारी हॉटेलं शोधत फिरतात. त्यांना दोन दिवस अख्खं घर द्यायचं, आणि तेवढे दोन दिवस आपण मागच्या खोलीत राहायचं. पेणच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली हुमेरा हे सगळं मोबाईलवर आधीच वाचून, फोटो काढून, जुळवून बसली होती. तिचा नवरा अर्शद मस्कतला होता. इथं स्वतःचं काही उभं राहिलं तर तो परत येईल, हे ती कुणाला बोलली नव्हती. शरीफाबींना ते न बोलताही कळत होतं.

"म्हणजे आपल्याच घरात आपण भाडोत्री?"

"दोनच दिवस, अम्मी."

शरीफाबींनी लेकाला फोन लावला. अर्शद म्हणाला, अम्मी म्हणेल तसं. मग अम्मी म्हणाल्या, "एकडाव करून बघू. पण काय बोभाटा झाला तर खोली त्या पोराला. इरशाद, तुला सोमवारी सांगते."

पहिलं बुकिंग झालं ते ठाण्याच्या एका जोडप्याचं, त्यांना रांगतं बाळ. बस्स, हुमेराच्या डोक्यात तेवढंच राहिलं. लेक खुशनुमा तीन वर्षांची होईपर्यंत तिनं या घराचा एकेक कोपरा भीतीनं पाठ केला होता. कुठं बोट सापडतं, कुठं पाय घसरतो. आता तिनं टेबलाच्या कडांना जुनी दुपटी गुंडाळून शिवून टाकली, खालचे प्लग पट्ट्या लावून बंद केले, फिनेल माळ्यावर नेलं, विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि मागच्या दाराला, मोठ्या माणसाचाच हात पोचेल अशी, वर कडी लावली. सारवण-झाडलोटीला वाडीवरून आलेली चिमा हे बघत होती.

"भाबी, घराला अंगडं-टोपडं घालताव की काय?" ती म्हणाली.

"हिला पाल दिसली तर तिच्याबी पायात मोजं घालंल," शरीफाबी म्हणाल्या. हुमेरा हसली, आणि पुन्हा एकदा जाळी हलवून बघून आली.

शनिवारी दुपारी गाडी आली. संध्या आणि प्रवीण, आणि संध्याच्या कडेवर पेंगुळलेलं बाळ. हुमेरा फाटकापाशी त्यांना घ्यायला गेली, वळली, आणि जागीच थांबली. मागच्या खोलीत बसायचं ठरलेल्या अम्मी पडवीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. ठेवणीतली ओढणी, हातात कोकमाच्या सरबताचा ट्रे.

"या. बसा. दमला असाल."

पाहुणे बसले. सरबत झालं. अम्मी त्यांच्या मागोमाग आत गेल्या. पलंग कुणी केला, भिंतीवरच्या फोटोतलं कोण आफ्रिकेला गेलं, या खिडकीतून वारा कसा येतो, सगळं सांगून झालं. मग दिवाणखान्यात सोफ्यावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. संध्या बाळाला पाजायचं म्हणून आडोसा शोधत होती. प्रवीण बॅग हातात धरून उभा. तो हुमेराला हळूच म्हणाला, "ताई, ते... अख्खं घर लिहिलं होतं ना?"

हुमेरा सोफ्यापाशी गेली. "अम्मी, जरा मागं येता?"

विहिरीपाशी येताच शरीफाबींनीच सुरुवात केली. "काय गो, माझं काय चुकलं? पाहुणा घरात आणि घरवाली बाहेर, असं या घरात कधी झालं नाय. तुझे सासरे असते तर त्यांनी मला विचारलं असतं, पाहुण्यांना कुणाच्या भरवशावर टाकून आलीस?"

हुमेरापाशी दहा उत्तरं होती, सगळी मोबाईलवर वाचलेली. त्यातलं एकही अम्मींना सांगण्यासारखं नव्हतं. तिची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली.

"अम्मी, हर्षद राहत होता तेव्हा त्याच्या खोलीत तुम्ही कितीदा गेलात?"

"मी कशाला जाऊ? त्याची खोली ती."

"त्याला ताप आला होता तेव्हा?"

"पेज उंबऱ्यावर ठेवून हाक मारायची मी. तुला ठाव हाय की."

"मग दोन दिवस हे घर त्यांची खोली आहे. जरा मोठी खोली."

जाळीवर पडलेलं एक पान शरीफाबींनी उचलून टाकलं. मग कमरेचा जुडगा सोडवत पुढच्या दारी गेल्या, आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबून त्यांनी हाक मारली, "संध्याबाय, किल्ल्या घ्या गो." संध्या बाहेर आली. जुडगा तिच्या हातात ठेवताना शरीफाबी एवढंच म्हणाल्या, "घर तुमचं."

संध्याकाळ मागच्या खोलीत सरता सरेना. स्वयंपाकघरात भांडं वाजलं की शरीफाबी ते कुठलं ते ओळखायच्या. "तांदळाचा डबा उघडला. झाकण नीट बसवलं नाय." पण जागच्या हलल्या नाहीत.

रविवारी उन्हं पडवीवर आली तरी पुढचं दार उघडलं नाही. हुमेरा खिडकीशी. नाश्त्याची वेळ टळली. आतून बाळाचासुद्धा आवाज नाही. गॅस तर चालू राहिला नसेल? बाळ एव्हाना उठायलाच हवं. खुशनुमा कधी इतकी झोपली होती? तिनं चपला पायात सरकवल्या.

"कुठं?"

"नुसतं दार वाजवून येते."

"नाय," शरीफाबी म्हणाल्या, आणि दारात आडव्या बसल्या. "त्यांची खोली हाय ती."

"अम्मी, बाळ आहे आत."

"तुझी शिलाई हाय आत, तुझ्या कड्या हायत, तुझी जाळी हाय. अजून काय पायजे? बस."

हुमेरा बसली. नखं खात बसली.

दार उघडलं तेव्हा संध्याच्या गालावर उशीची घडी उमटलेली होती. बाळ तिच्या खांद्यावर चोळलेल्या डोळ्यांनी जग बघत होतं. ती सरळ मागच्या खोलीकडे आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

"काकू, ते कोपरे कुणी शिवले?"

शरीफाबी दारातून उठल्या. "का गो? काय झालं?"

"बाळ झाल्यापासून मी एक डोळा उघडा ठेवूनच झोपते. कुठंही गेलं तरी. काल रात्री याला खाली सोडलं आणि घरभर फिरून बघितलं, भीती वाटावी असं काही सापडेचना. मग झोपले ती आत्ता उठले." तिला जरा लाजल्यासारखं झालं. "प्रवीण अजून झोपलाय."

हुमेराच्या ज्या भीतीला घरीदारी सगळे हसत होते, ती दुसऱ्या एका आईला रात्रभर पांघरूण झाली होती. तिनं बाळाचा पाय नुसता हातात धरला.

"माझी सून," शरीफाबी म्हणाल्या. "पेणला शिकलेली. तिला पाठीमागूनबी दिसतं."

सोमवारी सकाळी इरशादभाई कुंपणापाशी आले. शरीफाबी पडवीत तांदूळ निवडत होत्या, कमरेला जुडगा परत लटकलेला.

"मग भाबी, त्या पोराला काय सांगू?"

शरीफाबींनी सुपातला खडा काढून अंगणात टाकला.

"दुसरीकडं बघ म्हणावं. खोली रिकामी नाय," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत आम्ही राहतो."