मामांची तात्पुरती ओळ

“मामा, तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय चिप पास, आणि विकत आणलेलं नवं म्हणतंय अडकणार. कुणाचं खरं मानू?” विभागप्रमुख मॅडमनी दारातूनच विचारलं.

“नव्याचे नऊ दिवस, मॅडम,” मामा म्हणाले. आजूबाजूचे हसले; ऑफिसात सगळे त्यांना नुसतं ‘मामा’च म्हणत. चिपचे आराखडे तपासणारं, मामांनी लिहिलेलं ते सॉफ्टवेअर एकोणीस वर्षांचं. त्याचा शब्द म्हणजे ऑफिसात काळ्या दगडावरची रेघ. संध्याकाळी चिपचा आराखडा कारखान्यात जायचा होता आणि महिनाअखेरीस मामा निवृत्त व्हायचे होते.

तरी ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. या चिपमध्ये सगळ्यांना एका तालावर नाचवणारं घड्याळ नव्हतं. एका भागाने निरोप धाडायचा, दुसऱ्याने पोच द्यायची, मगच पुढचं पाऊल. एका जागी निरोपाच्या तारेला दोन फाटे फुटले होते आणि पोच एकाचीच येत होती. दुसरा निरोप रेंगाळला की चिप जागच्या जागी बसणार. नवं सॉफ्टवेअर बरोबर होतं.

मग आपल्याला कसं दिसलं नाही? मामांनी स्वतःचा जुना कोड उघडला. एका फाट्याची पोच आली की दुसराही पोचला असं समजावं, अशी एक ओळ होती. शेजारी त्यांचीच टीप : ‘तात्पुरतं. सोमवारी बघू.’

तो सोमवार काही उजाडला नव्हता. मामांनी मॅडमना बोलावून ती ओळ दाखवली.

“थोरल्या काकांना आमंत्रण मिळालं, म्हणजे धाकट्यांनाही मिळालं असं धरून चाललो,” त्यांनी मॅडमना सांगितलं. “माझ्या लग्नात हेच झालं. धाकटे काका अजून बोलत नाहीत.”

मॅडम हसल्या नाहीत. “ओळ गुपचूप काढून टाका ना. जाता जाता नावाला बट्टा कशाला? आणि सांगितलंत तर याच सॉफ्टवेअरने पास केलेल्या आधीच्या अकरा चिपांचं काय?”

“त्यांच्यासाठीच तर सांगायला हवं.”

मामांनी ओळ पुसली, सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. पडदा लाल झाला : चिप नापास. त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी सगळ्यांना मेल लिहिली : चिप थांबवा, आधीच्या अकराही पुन्हा तपासायच्या आहेत, चूक माझी. खाली पूर्ण नाव घातलं, आडनावासकट.

पाच मिनिटांत पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, “हे कोण रे? आपल्याकडेच असतात?”

मामांनी ऐकलं. पेन्सिलीला टोक केलं आणि अकरांतली पहिली चिप तपासायला घेतली.