सात दहाची हजेरी

मी हजेरी बोलतेय. वहीतली नाही, की वर्गात बाईंनी नाव घेतल्यावर पोरं ओरडतात तीही नाही. खराडीच्या एका आयटी कंपनीच्या दारात अंगठ्याचं मशीन आहे, त्यातून निघालेली मी एक ओळ. नाव प्रेमला, काम साफसफाई, वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. एवढाच माझा देह.

त्या सोमवारी प्रेमला येरवड्याहून बसने आली. कडेवर दीड वर्षाची लेक अपेक्षा, खांद्याला पिशवी, पिशवीत दुपटी, खोकल्याचं औषध आणि मऊ भाताचा डबा. फिनेलच्या पाण्यात राहून तिच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्यात. मशीनने दोनदा नाकारलं. तिने अंगठा ओढणीला पुसला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि परत दाबला. तेव्हा मी जन्मले.

तिचा जीव भांड्यात पडला. कंपनीच्या तळमजल्यावर पाळणाघर आहे आणि साफसफाईच्या बायकांना तिथे दोनच जागा. महिन्यात तीन गैरहजेऱ्या झाल्या की जागा दुसरीला. अपेक्षा तापाने फणफणली होती तेव्हा प्रेमलाच्या दोन झाल्या होत्या. तिसरी झाली तर लेकरू ठेवायचं कुठे? नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरी दुसरं कोणी नाही.

मी तिसऱ्या मजल्यावर काचेच्या खोलीत आले. तिथल्या सर्व्हरवर आमची रांग असते. ही कंपनी पुण्यातल्या पंचवीस कंपन्यांच्या हजेऱ्या सांभाळते, त्या सगळ्या नंबराने उभ्या. रांगेतून एक प्रोग्राम एकेकीला वाचतो आणि पुढे सोडतो. पुढे मोजणी, मग रजिस्टर, मग पाळणाघराची यादी. कुठवर वाचून झालं याची तो खूण ठेवतो. वाचलेली असो की न वाचलेली, प्रत्येक ओळ रांगेत सात दिवस राहते. मग पुसतात.

त्या सकाळी प्रोग्राम अडकला. भिंतीवरच्या स्क्रीनवर न वाचलेल्यांचा आकडा लाल होऊन वाढत चालला. आठच्या सुमारास प्रोग्राम सांभाळणाऱ्या दत्तप्रसादचे साहेब, यज्ञेश्वर, आले.

"दत्तप्रसाद, हा लाल आकडा काय शोभेला लावलाय?"

"सर, आत्ताच चालू केलाय. मागचं सगळं वाचायला तासभर लागेल."

"क्लायंट खाली आलाय. तो वर येईपर्यंत मला शून्य दिसलं पाहिजे."

दत्तप्रसादने आम्हाला पुसलं नाही. एवढं वाईट काम त्याच्या हातून झालं नसतं. त्याने फक्त खूण उचलली आणि रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवली. आता जे येईल ते वाच, मागचं राहू दे. आकडा शून्य झाला, हिरवा झाला. पाहुण्यांनी मान डोलावली, कॉफी घेतली. आम्ही नऊ हजार जणी खुणेच्या मागे उभ्याच, न वाचलेल्या.

इंजिनिअर लोकांची बोंब दुपारीच झाली. त्यांनी मेल केले, त्यांच्या हजेऱ्या कुणीतरी हाताने भरल्या. मेल करता येत नाही त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही.

काचेच्या खोलीची फरशी प्रेमलाच पुसते. बुधवारी ती पुसता पुसता सोबतच्या कांताबाईला सांगत होती, म्हणून मला पुढचं कळलं. पाळणाघराच्या सरोजिनी मॅडमनी तिला यादी दाखवली होती.

"मी म्हटलं, मॅडम, सोमवारी मी आले होते. अपेक्षाला तुमच्याच हातात दिलं ना?"

"मग?"

"म्हणाल्या, दिलंस, मी घेतलं. पण यादीत नाही. माझे डोळे कंपनी धरत नाही, बाई."

"सुपरवायझरला सांग की!"

"सांगितलं. हिंमतराव म्हणतात, हाताने भरायला वरून मेल लागतो. मी म्हटलं, वरून म्हणजे कुठून? तर म्हणे, वरून म्हणजे वरून."

कांताबाई हसली. प्रेमलाला हसू येईना. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती आणि मला हाक मारायला तोंड नव्हतं.

शुक्रवारी तिने धीर केला. दत्तप्रसादच्या खुर्चीखालचा केर काढताना म्हणाली, "सर, त्या काचेतल्या मशीनमध्ये माझा सोमवारचा अंगठा असेल का हो? जरा बघता का?"

त्याने मान वर केली नाही. "तिथे असं बघता येत नाही, ताई."

"बरं," म्हणाली आणि केर भरून गेली.

ती गेल्यावर त्याने बघितलं. मला शोधून काढलं. आख्ख्या जन्मात मला वाचणारा तो पहिला माणूस. प्रेमला, सात दहा. स्क्रीनवर मी कितीतरी वेळ होते. मला वाटलं, आता सोडतो पुढे. पण आम्हाला सोडलं तर सोमवारी खूण कोणी हलवली हे निघणार होतं. त्याने स्क्रीन बंद केली आणि घरी गेला.

काल शनिवारी प्रेमलाला पाळणाघरातला अपेक्षाचा खण रिकामा करायला लावला. दुपटी, वाटी, औषधाची बाटली तिने पिशवीत भरली. उद्यापासून तिथे दुसरं बाळ येणार. अपेक्षाचं काय करायचं हे तिलाच अजून ठरवता आलेलं नाही.

आज रविवार. उद्या सात दहाला मला सात दिवस होतील.

दत्तप्रसाद, सगळ्यांना परत वाच असं मी म्हणत नाही. खूण माझ्यापाशी आण, मला एकटीला सोड, मग खुशाल ने पुढे. तुला बोलणी बसतील. एखादे वेळी नोकरीवरही बेतेल, मी खोटं कशाला सांगू? पण प्रेमलाच्या नोकरीवर तर बेतलंच आहे.

पुसलं जाण्याचं मला काही नाही, सगळ्याच पुसल्या जातात. पण मी गेल्यावर, प्रेमला त्या दिवशी आली होती हे सांगणार कोण? तिचं कोणी ऐकत नाही. सरोजिनी मॅडम स्वतःच्या डोळ्यांचंही ऐकत नाहीत. राहता राहिलास तू.