सात नंबरचा नवरदेव

माझी बहीण प्रीती बेडकांवर पीएचडी करते. बेडकाच्या कातडीतून चिकट द्रव सुटतो, त्यात पेप्टाइडं असतात, म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे. बेडूक आजारपण त्यांच्यावरच निभावतो, दवाखान्यात जात नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या एका विहिरीतले अकरा बेडूक तिनं तपासले. दहा जण बिनकामाचे निघाले. सात नंबरच्या द्रवानं मात्र प्रयोगशाळेतल्या बशीत फ्लूचा विषाणू आडवा केला.

"योगायोग असेल," तिचे सर म्हणाले. "शुक्रवारपर्यंत त्याच बेडकाचा दुसरा नमुना आणा, नाहीतर विषय बदला."

म्हणून बुधवारी मी तिला मोटरसायकलवर घेऊन गेलो. खूण सोपी होती, सात नंबरच्या कमरेला तिनं काळा दोरा बांधलेला. विहिरीत बेडूक दहाच होते, सगळे बिनदोऱ्याचे. विहिरीचे मालक अप्पाराव मांडवात सापडले. पाऊस लांबला होता, म्हणून गाव बेडकाचं लग्न लावून राह्यलं होतं.

"अप्पाकाका, कमरेला दोरा असलेला बेडूक दिसला का?"

"त्यालाच तर नवरदेव केला. बाकीचे उघडेच. याला करदोडा. चांगल्या घरचा दिसला."

नवरदेव पाटावर बसला होता, पिवळाधमक. प्रीतीच्या तोंडाचा रंग उतरला. हळद प्रयोगात घोळ घालते.

"आधी आंघोळ घातली का?"

"मंग? बिनआंघोळीचा हळदीला बसवतेत का? चोळून घातली."

म्हणजे द्रव धुऊन गेला. पुन्हा साठायला तीन आठवडे.

"ते पाणी कुठं टाकलं?"

"टाकलं?" अप्पारावांच्या पुष्पाबाई पुढं आल्या. "आठ दिवसाला टँकर येतो, पोरी. घमेल्यात धरलं. म्हशीला हाय."

"मला द्या ना, काकू."

"कशाला?"

प्रीतीनं खरं ते सांगितलं. फ्लूवर औषध होऊ शकेल, पण अजून सगळं बशीत आहे, माणसापर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं. हे ऐकून मांडवातली चार धडधाकट माणसं खोकायला लागली. एकानं पेला आणला.

"पिऊ नका. उलट्या होतील."

"औषधानं होतातच," पेलेवाला म्हणाला.

पुष्पाबाईंनी घमेलं कडेवर घेतलं. "नवरदेवाच्या पाण्याचा मान वरमाईचा. वरमाई कोन हाय?"

प्रीतीनं हात वर केला. "मी. करदोडा मीच बांधला."

तिचे पाय धुतले, ओटी भरली, घमेलं मिळालं. आता प्रीती वरमाई म्हटल्यावर मी आपोआप मामा. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी नवरदेवामागं उभा होतो. नवरदेव दोनदा उडाला. मी दोनदा धरला.

नमुना बर्फात ठेवून आम्ही निघालो, तर पुष्पाबाईंनी मोटरसायकल अडवली. हातात ओला डबा.

"सून कुठं ठेवून चालल्या?"

नवरी त्यांच्या न्हाणीतली बेडकी होती. पदराला डोळे पुसत त्यांनी ती आमच्या हवाली केली.

घमेल्यातल्या पाण्यानंही विषाणू आडवा झाला. योगायोग नाही, हे सरांनी मान्य केलं. मंग त्यांनी डब्याकडं बोट केलं. "ही कोण?"

"सून," प्रीती म्हणाली.

सुनेचा द्रव नवरदेवाच्या दुप्पट चालला. आता प्रबंध तिच्यावर आहे. प्रीतीनं पुष्पाबाईंना फोन करून सांगितलं, तर त्यांना बिलकुल नवल वाटलं नाही.

"आमची पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "सासरी जास्त राबवू नका."