ताटाची खिडकी

“खिडकीला हात लावायचा नाही, कृष्णाक्का. रंग द्या, सुतार आणून ठोकाठोक करा. पण खिडकी हलायची नाही,” गल्लीतल्या घरांचा कारभार बघणारे समाजाचे अध्यक्ष आप्पाजी जगलीवर, म्हणजे दारापुढच्या दगडी कट्ट्यावर उभे राहून म्हणाले. आत यायला त्यांना बोलावलंच नव्हतं.

“ठोकू कशात? लाकूड राहिलंय कुठं?” कृष्णाबाईने चौकटीत बोट खुपसलं. ते पेरभर आत गेलं आणि वाळवीची माती भुरूभुरू खाली पडली. “हे बघा. आणि हा ब्लाउज बघा. गिऱ्हाइकाच्या लग्नाचा आहे, मैसूर सिल्कचा. परवा वादळात पाणी आत आलं, खिडकीचा हिरवा रंग उतरला त्यावर. आता त्या लोकांना काय तोंड दाखवू?”

“झडपा लावून घ्यायच्या.”

“लावल्याच होत्या हो अण्णा! लावलेल्या झडपांतनं आलं पाणी. आणि कायमच्या लावून ठेवल्या तर शिवू कुठं? तुमच्या मोटारीच्या दिव्यापुढं?”

आप्पाजी हसले. बाई चिडली की हसून सोडून द्यायचं, एवढं एक शास्त्र ते पक्कं शिकले होते. त्या हसण्याने कृष्णाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“फत्तेसिंगरावांनी घालून दिलेली शोभा आहे ही. आज तुम्ही काढली, उद्या शेजारचा काढेल. मग देवीची पालखी काय पत्र्यापुढं थांबवायची? सरी, बरंय, येतो मी.”

मोटार गल्लीतून बाहेर पडेपर्यंत कृष्णाबाई तो ब्लाउज हातात धरून उभी होती. पालखी! या माणसाने पालखीचं नाव घ्यावं, तेही तिच्या दारात!

बंगळूरच्या चामराजपेटेतली ही गल्ली फत्तेसिंगरावांनी बांधली. कापसाच्या धंद्यात गब्बर झालेला माणूस, पण समाजाला विसरला नाही. दोन्ही बाजूंना कौलारू, एका मापाची घरं, आणि प्रत्येक घराला दर्शनी एकच मोठी सागवानी खिडकी. घरं समाजातल्या कुटुंबांना नाममात्र भाड्याने दिली आणि अट एकच घातली: पुढची बाजू बदलायची नाही. त्याला कारण होतं. त्या काळी समाजातल्या बायका रस्त्यावर येत नसत. दसऱ्याला भवानीची पालखी निघाली की ती प्रत्येक खिडकीपुढे थांबायची, आणि घरातली सवाशीण आतूनच ओवाळून नारळाचं ताट गजांमधून बाहेर सरकवायची. म्हणून प्रत्येक खिडकीत मधल्या दोन गजांमध्ये ताट जाईल एवढी जागा सोडलेली. फत्तेसिंगराव गेले, बायका बाजारात जाऊ लागल्या, पोरी कॉलेजात गेल्या, तरी दसऱ्याला ताट खिडकीतूनच जायचं. ताटाची खिडकी, असंच तिचं नाव पडलं होतं.

कृष्णाबाई लग्न होऊन धारवाडकडून या घरात आली ती सोळाव्या वर्षी. मूलबाळ झालं नाही. नवरा सिटी मार्केटात एका अडत्याकडे कारकून होता. मऊ स्वभावाचा, उगीच कुणाच्या वाटेला न जाणारा. दर दसऱ्याला तो तिच्या मागे उभा राहायचा, आणि ताट बाहेर गेलं की हळूच म्हणायचा, “झालं बघ, आणखी एक वर्ष.” पंचावन्न साली तो गेला. त्या वर्षी तिने नारळ आणला, ताट केलं, आणि आपण ओवाळायचं नाही हे ठाऊक असल्यामुळे शेजारच्या भागुबाईला आपल्या घरी बोलावून खिडकीत उभं केलं. वाजंत्री आली, पालखी आली. भोई तिच्या घरापाशी आले आणि त्यांनी पाय उचलले. थांबले नाहीत. गुळगुळीत रस्त्यावरून जावं तसे पुढे निघून गेले. भागुबाई हातात ताट घेऊन तशीच उभी. कुणी आधी सांगितलं नव्हतं, कुणी नंतर बोललं नाही. चार दिवसांनी त्या नारळाची चटणी झाली.

तेव्हापासून सहा दसरे झाले. दर वर्षी ती नारळ आणायची. का आणते, हे भागुबाईने एकदा विचारलं तर म्हणाली, “चटणीला लागतोच की.”

आणि आता त्याच पालखीसाठी ही सडकी खिडकी सांभाळायची! तीही कुणाच्या सांगण्यावरून? ज्या आप्पाजींनी गल्लीतल्या घराला कुलूप लावून जयनगरात दुमजली बंगला बांधला, त्याला लोखंडी चौकटीच्या, काचेच्या खिडक्या बसवल्या, आणि जे आता मोटारीतून येऊन इथली शोभा राखत होते, त्यांच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नागनाथ, तिचा धाकटा भाऊ, एका सरकारी कारखान्यात फिटर होता. रविवारी तो आला तेव्हा तिने पाणीसुद्धा विचारायच्या आधी खिडकी दाखवली.

“नवी सागवानी नको, ती कुठनं परवडणार? लोखंडी बघ. काचेची.”

“अक्का, ते लोक घरातनं काढतील.”

“काढू दे. अंधारात शिवून डोळे जायचे, नाहीतर भिजलेल्या कापडापायी गिऱ्हाईक जायचं. दोन्हीचा शेवट रस्त्यावरच आहे. तर उजेडात बसून जाऊ.”

नागनाथने मान खाजवली. बहिणीचा हा आवाज त्याला लहानपणापासून ठाऊक होता. पुढच्या रविवारी तो गवंडी आणि हातगाडी घेऊन आला. गाडीवर लोखंडी खिडकी होती. जयनगरातल्या एका कंत्राटदाराकडे ती मापात चुकली म्हणून पडून होती.

“कुणाच्या मापात चुकली?” कृष्णाबाईने विचारलं.

“आप्पाजींच्याच बंगल्याच्या. जिन्याला बसेना म्हणे.”

किती दिवसांनी ती हसली! भागुबाई आवाज ऐकून बघायला आली.

जुनी चौकट काढायला पहार लागलीच नाही. हाताने ओढली तशी ती ढासळली. गज गंजून बारीक झाले होते. खालची एक झडप तेवढी शाबूत निघाली. ती नागनाथने घासूनपुसून दोन ट्रंकांवर आडवी टाकली आणि इस्त्री करायला तिला फळी झाली. दुपारी नवी खिडकी बसली. तिचे गज चार-चार बोटांवर होते. मांजराचं पिल्लूही आत येणार नाही असे. काचेतून उजेड थेट मशीनच्या सुईवर पडला, आणि कृष्णाबाई शिवायला बसली.

आठ दिवसांत आप्पाजी आले. या वेळी हसले नाहीत.

“काढा ती. नाहीतर घर खाली करा. दसऱ्याआधीच्या सभेत निकाल लागेल.”

“लागू दे,” ती म्हणाली. आतून मात्र ती हादरली होती. या घराखेरीज तिला जगात जागा नव्हती. नागनाथच्या दोन खोल्यांत त्याची चार पोरं झोपत होती, तिथे ती काय मशीन डोक्यावर घेऊन बसणार?

सभा देवळाच्या मंडपात भरली. पुढे पुरुष, मागे खांबांच्या आडोशाला बायका. आजवर त्या सभेत कुठली बाई बोलली नव्हती. आप्पाजींनी गल्लीची परंपरा, फत्तेसिंगरावांची दूरदृष्टी आणि देवीचा मान यांवर चांगलं लांबलचक भाषण केलं. मग म्हणाले, “एका घरानं ताटाची खिडकी मोडली. दसऱ्याला पालखी तिथं कशी थांबणार, सांगा!”

कृष्णाबाई उभी राहिली. भागुबाईने तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला.

“अण्णा, पालखी माझ्या खिडकीपुढं शेवटची कधी थांबली, ते आधी सांगा.”

“बायकांचं नंतर बघू, अक्का. स्वल्प दम धरा.”

“सहा वर्षं धरला! माझा नवरा गेला आणि तुमच्या भोयांना माझं घर दिसेना झालं. मी ओवाळणार नव्हते. ही भागक्का उभी होती ताट घेऊन, भरल्या कपाळाची. तरी पळालात. पालखीत बसलेली बाईच आहे ना? तिनं सांगितलं होतं का, की हिच्या दारावरनं पळत न्या म्हणून? जिथं थांबत नाही तिथली खिडकी राखा म्हणता! कुणासाठी राखू? वाळवीसाठी? आणि लोखंडी खिडकी एवढी अपशकुनी असेल तर तुमच्या बंगल्याच्या आधी काढा. माझी ही तुमच्याच जिन्याची आहे, मापात चुकलेली.”

मागे कुठली तरी बाई खुदकन हसली. मग पुढे कुणी पुरुषही हसला. आप्पाजींचं तोंड लालबुंद झालं. शेवटी भागुबाईचा म्हातारा नवरा, जो सभेत फक्त डुलक्या घ्यायला येत असे, तो म्हणाला, “पोरगी खोटं कुठं बोलली?”

आप्पाजी वाऱ्याची दिशा ओळखणारे. घसा खाकरून म्हणाले, “यंदा पालखी कृष्णाक्काच्या घरापुढं थांबेल. भागक्का ओवाळतील. खिडकीचं दसऱ्यानंतर बघू.” लोकांनी माना डोलावल्या. एका वाक्यात त्यांनी सहा वर्षं परत केल्यासारखं केलं आणि पुढच्या विषयावर गेले. तिला कुणी काही विचारलं नाही.

दसऱ्याला संध्याकाळी भागुबाई हिरवं लुगडं नेसून मागच्या दाराने आली. “चल, ताट कर. येतीलच आता.”

“तू तुझ्या घरचं ताट कर, भागक्का.”

“अगं, एवढी भांडलीस ना त्याच्यासाठी?”

“खिडकीसाठी भांडले. हे त्यांनी वर टाकलं, भाजीवर कोथिंबीर टाकतात तसं.”

भागुबाई आल्या दाराने आपल्या घरी गेली. कृष्णाबाईने इस्त्रीत निखारे भरले, ट्रंकांवरच्या फळीवर घोंगडी अंथरली आणि परकरांचा ढीग पुढे ओढला.

वाजंत्री जवळ आली. भागुबाईच्या दारापुढे थांबली, पुन्हा सुरू झाली. मग तिच्या खिडकीच्या काचेवर पालखीची सावली पडली आणि तिथेच राहिली.

“कृष्णाक्का, ताट!” आप्पाजींचा आवाज आला.

तिला उठायचं होतं. खोटं कशाला सांगावं? पाय उठायला निघालेच होते. कोनाड्यात नारळ होता, सकाळीच आणलेला. सहा वर्षं तिने या सावलीची वाट पाहिली होती. पण आता त्या गजांतून ताट काय, वाटीसुद्धा बाहेर गेली नसती.

“मग दार तरी उघडा! देवी ताटकळलीय!”

तिने इस्त्री परकरावरून फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. बाहेर सनईवाल्याने सूर ओढून धरला होता, तो थकून खाली आला. भोयांचे पाय जागच्या जागी हलत होते. कुणी तरी कुजबुजलं. मग सावली काचेवरून सरकली, आणि या वेळी भोई सावकाश गेले.

तिने परकराची घडी करून बाजूला ठेवली. घोंगडी सरकली होती. जुन्या झडपेच्या उघड्या कडेला तांबडे-पिवळे डाग होते. नवरा होता तेव्हा ताट सांभाळताना तिच्या डाव्या हाताची हळदीकुंकवाची ओली बोटं तिथेच टेकायची. नागनाथने इतकं घासूनही ते निघाले नव्हते. तिने घोंगडी ओढून त्यांच्यावर नीट पसरली आणि दुसरा परकर घेतला.

खिडकीचं पुन्हा कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नारळ फोडला, चटणी वाटली, आणि वाटीभर भागुबाईकडे नेऊन दिली.