शालनबाई एक दिवस आधी निघाल्या

सायलीने क्रूझचं बुकिंग केलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंदच झाला होता. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागून तिला वर्ष झालं होतं. आई स्वरूपा, बाबा रोहिदास, आजी शालनबाई आणि ती स्वतः, चौघांनी मुंबईहून बोटीने निघायचं, गोवा करून लक्षद्वीपला जायचं आणि पाचव्या दिवशी परत यायचं, असा बेत होता. भांडण लागलं ते निघायचं कधी यावरून.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर सायलीने बोटीच्या कंपनीचं पत्र मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवलं. शनिवारी दुपारी बारापासून प्रवाशांना आत घेणार, तीन वाजता दार बंद, पाचला बोट सुटणार. बाहेरगावच्या प्रवाशांनी शक्यतो आदल्या दिवशीच मुंबईत येऊन राहावं.

"ते लांबून येणाऱ्यांसाठी," रोहिदास म्हणाला. "आपण कुठून चाललोय? रहाटणीतून. नऊला निघालो तरी साडेबाराला दारात."

"मी शुक्रवारीच जानार," शालनबाई म्हणाल्या.

रोहिदासला आधी वाटलं, आई चेष्टा करतेय. शालनबाई पासष्ट वर्षांच्या. पुण्याजवळच्या रहाटणीतल्या त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची पिठाची गिरणी होती. शेतजमीन गेली, त्या जागी सात-सात मजले उभे राहिले, तरी गिरणी त्यांनी बंद केली नव्हती. सकाळी आठ म्हणजे आठला शटर वर. नवरा बबनराव चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हाही तेरावं उरकल्यावर चौदाव्या दिवशी आठला शटर वर गेलं होतं. पण एवढ्या वर्षांत घरातल्या कोणाला न घेता त्या कधी परगावी मुक्कामाला राहिल्या नव्हत्या.

"शुक्रवारी माझा स्लॅब आहे चाकणला," रोहिदास म्हणाला. तो कारखान्यांच्या बांधकामाची कामं घ्यायचा. "स्लॅब टाकून झाल्याशिवाय मला हलता येणार नाही."

"तू कशाला हलतो? मी जाते की."

"एकटी?"

"व्हय."

"अगं, आपल्याला उशीर नाही होणार. मी सांगतो ना."

"उशीर न्हाई व्हनार, मला ठावं हाय. मला लवकर जायचंय."

"लवकर जाऊन करणार काय तिथं?"

शालनबाईंनी क्षणभर विचार केला. "बसनार," त्या म्हणाल्या.

सायलीला हसू आलं, पण आजीच्या चेहऱ्याकडे बघून तिने ते आवरलं. रोहिदासची बायको स्वरूपा ताटं गोळा करत होती.  या घरात आल्यापासून ती बोलायच्या वेळी ताटंच गोळा करत आली होती.

दोन दिवस रोहिदासने समजावून पाहिलं. बाईमाणूस एकटं हॉटेलात राहणार, लोक काय म्हणतील? म्हनू दे. रात्री तब्येत बिघडली तर? तर तिथं डाक्टर न्हाईत का? शेवटी तो म्हणाला, "जा मग. पण मी स्टेशनवरसुद्धा सोडायला येणार नाही."

"तुला सोड म्हनलं कोनी?"

बुधवारी संध्याकाळी तो आपल्या चुलत्याला, सोपानरावांना घेऊन आला. बबनरावांचे हे धाकटे भाऊ. भावकीत कोणाचं अडलं की मध्ये पडणं हे त्यांचंच काम. शालनबाई गिरणीचं जातं साफ करत होत्या. सोपानरावांनी रिकाम्या डब्यावर बसकण मारली, टोपी सारखी केली.

"वहिनी, पोरगं काळजीनं बोलतंय. आपल्या घरची बाई आशी एकटी कधी गेली न्हाई. दादा असता तर त्यानं जाऊ दिलं असतं का?"

शालनबाईंनी हातातला कुंचा खाली ठेवला.

"दादा असता तर मी परत उशिरा पोचले असते, भावजी."

"म्हंजे?"

"माझ्या भावाचं लगीन आठवतंय? अक्षता पडून गेल्या, पंगत बसली, तवा आमी मंडपात. तुमच्या दादाला ट्रॅक्टरचा सौदा करायचा होता वाटेत. ते जाऊ द्या. लगीन काय, फोटुत बघता येतं."  त्यांच्या हाताला पीठ लागलं होतं, ते त्या पदराला पुसत राहिल्या. "माझी आई गेली तवा सकाळी सातला निरोप आला. मंचरपासनं आत गाव, दोन तासांची वाट. मी चपला घालून उभी. ह्ये म्हनाले, येळ हाय अजून, चहा घिऊ. मग चाकणला जीप थांबवली. जमिनीचं गिऱ्हाईक भेटायचं होतं. अर्धा तास म्हनले आन् अडीच तास बसले. मी जीपमधी. गावात शिरलो तवा मान्सं नदीवरनं वल्ल्या कापडांनी परत येत व्हती."

 ही गोष्ट भावकीत सगळ्यांना माहीत होती, म्हणजे शालनबाई उशिरा पोचल्या एवढं माहीत होतं. त्यांच्या तोंडून ती कोणी ऐकली नव्हती. तेहतीस वर्षांत नाही.

रोहिदास शटरपाशी उभा होता. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्या जीपमध्ये मागच्या सीटवर होता. त्याला त्या दिवसातलं एवढंच आठवत होतं, की बाबांनी चाकणला त्याला भज्यांचा पुडा आणून दिला होता आणि आईने हात लावला नव्हता.

"मी काय कोनाला बोल लावत न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "पन हितनं पुढं माझ्या जायच्या ठिकानी मी माझ्या येळेला जानार. लई म्हंजे लई आधी जानार. कोनाला आवडू दे, न्हाईतर न आवडू दे."

त्यांनी कुंचा उचलला आणि जातं झाडायला घेतलं. सोपानराव "बरं," म्हणून उठले. रोहिदास त्यांच्यामागे बाहेर पडला. पण त्याने हेका सोडला असंही नाही. गुरुवारी रात्रीच्या जेवणाला तो आईशी बोलला नाही.

सायलीने मात्र आजीचं सगळं बघितलं. चिंचवडला थांबणाऱ्या सकाळच्या गाडीचं तिकीट, बंदराजवळच्या हॉटेलात खोली, बोटीचा पास आणि आधार कार्ड एका प्लॅस्टिकच्या पाकिटात. आम्हा तिघांचे कागद वेगळे, तुझे वेगळे, असं तिने बजावून सांगितलं.

"आजी, आणि समज, आम्ही तीनपर्यंत पोचलोच नाही तर?"

"तर काय? मी जाऊन येईन. फोटु दावीन तुमाला."

शुक्रवारी पहाटे रिक्षा बोलवायच्या आधीच स्वरूपा स्कूटरची चावी घेऊन खाली उभी होती. रोहिदास झोपला होता, किंवा तसं दाखवत होता.  स्टेशनवर स्वरूपाने बॅग उचलून डब्यात ठेवली, दशम्यांची पुरचुंडी सासूच्या हातात दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "भीती नाही ना वाटत?"

"वाटतीय की," शालनबाई म्हणाल्या. "म्हनून काय घरी बसू?"

मुंबईत उतरल्यावर त्यांनी टॅक्सी केली. हॉटेलच्या काउंटरवरच्या पोराने त्यांचं आधार कार्ड बघितलं, त्यांच्या मागे बघितलं, दाराकडे बघितलं.

"बरोबर कोण आहे, मावशी?"

"कोनी न्हाई."

"म्हणजे जेंट्स नंतर येणार आहेत का?"

"खोली माझ्या नावावर हाय ना?"

"हो."

"मग चावी दे."

चावी म्हणजे एक पत्त्याच्या पानाएवढं प्लॅस्टिकचं कार्ड निघालं. ते दाराला कुठे लावायचं हे त्यांनी त्याच पोराला वर बोलावून दाखवायला लावलं, आणि एसी बंद कसा करायचा हेही. तो गेल्यावर त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. खोलीत कोणी नव्हतं. कोणाला चहा द्यायचा नव्हता, दळण द्यायचं नव्हतं. आता काय करायचं? एवढा हट्ट करून आलो ते या खोलीत भिंतीकडे बघत बसायला? रोहिदासचा फोन यावा असं त्यांना एकदा वाटून गेलं. आला नाही. त्यांनी दशम्या खाल्ल्या, तोंड धुतलं, साडी नीट केली आणि बंदर शोधायला निघाल्या.

दहा मिनिटांवर होतं. जुन्या दगडी इमारती, रस्त्यावर मोठमोठी झाडं, आणि शुक्रवारची दुपार असूनही फार वर्दळ नाही. बंदराच्या दारावरचा पहारेकरी उठून पुढे आला.

"आज बोट नाही, आजी. उद्या आहे."

"ठावं हाय. दार कुठं हाय त्ये बघाय आले."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने त्यांना हाकललं नाही. उलट समोरच्या टपरीवरचा चहा चांगला असतो हे सांगितलं. शालनबाईंनी चहा घेतला आणि झाडाखालच्या कट्ट्यावर बसल्या. माणसं येत होती, जात होती. समुद्र दिसत नव्हता, पण वारा खारट होता. बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं, की आपण घड्याळाकडे बघितलेलं नाही. कुठेतरी पोचायचं आहे आणि उशीर होईल ही धास्ती नाही, असं त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. त्या दिवेलागणीपर्यंत तिथेच बसल्या. काहीही केलं नाही. बसायला आल्या होत्या, बसल्या.

शनिवारी अकरालाच त्या बॅग घेऊन दारात हजर. इमारतीच्या वर बोटीचे पांढरे मजले दिसत होते, रहाटणीतल्या टॉवरसारखे. आतल्या मुलीने सांगितलं, "मॅडम, अजून एक तास आहे."

"असू दे," म्हणून त्यांनी पहिली खुर्ची धरली.

रोहिदास नऊला निघणार होता, तो निघाला साडेदहाला. स्लॅबचं काही राहिलं होतं. साडेबाराला सायलीचा फोन आला, घाटात गाड्या उभ्या आहेत. दीडला पुन्हा आला, आता सुटलो. दोनला तिच्या हातून फोन रोहिदासने घेतला. चार दिवसांनी तो आईशी बोलत होता.

"आई, तू आत जाऊ नकोस. आम्ही येईपर्यंत थांब. बरोबर जाऊ सगळे."

शालनबाईंच्या पुढे आता कोणीच उरलं नव्हतं. मागून आलेले लोक कधीच वर गेले होते, त्या बाकीच्या तिघांची वाट बघत, बॅग पायाशी धरून दोन तास नुसत्या थांबल्या होत्या. समोर काउंटर, त्यापलीकडे काचेचं दार, त्यापलीकडे बोटीवर चढायचा पूल.

थांबलं तर काय बिघडणार होतं? तीनपर्यंत वेळ होता. पोरगं, सून, नात रस्त्यात, आणि आपण पुढे जाऊन बसायचं? बाई काय म्हणून असं वागते, असं त्यांच्याच मनाने त्यांना विचारलं. पण आजवर नेमकं हेच होत आलं होतं. थांब म्हणायचं ते नेहमी दुसऱ्याने, आणि जीपमध्ये बसून राहायचं आपण.

"तुमी या," त्या फोनवर म्हणाल्या. "मी वर जाते."

"आई, ऐक—"

"गाडी नीट चालव. घाई करू नको." त्यांनी फोन ठेवला, प्लॅस्टिकचं पाकीट काउंटरवर ठेवलं. शिक्का बसला.  पुलावरून चालताना खाली फटीतून हिरवं पाणी दिसलं. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि मागे वळून न बघता पलीकडे गेल्या.

बाकीचे तिघे दोन वाजून चाळीस मिनिटांनी पोचले. दार बंद व्हायला वीस मिनिटं होती. सगळ्यात वरच्या डेकवर शालनबाई त्यांना सापडल्या. पदर कमरेला खोचून, हातात सरबताचा ग्लास घेऊन त्या बंदराकडे बघत उभ्या होत्या. रोहिदासच्या शर्टाला घाम होता.

"बघ, आलो की नाही वेळेत?" तो म्हणाला. "उगाच एवढा तमाशा केलास."

"आलास. लई बरं झालं," शालनबाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या.

"थांबली नाहीस पण तू."

"न्हाई थांबले."

त्याला वाटलं होतं, ती काहीतरी कारण देईल. पाय दुखत होते, उकडत होतं, तिथल्या लोकांनी घाई केली.  तिने ग्लासातलं सरबत संपवलं.

"एक दिवस आधी येऊन काय मिळालं तुला?" त्याने विचारलं, पण आता आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काल सांजपतोर त्या तिथं झाडाखाली बसले व्हते. कोनाची वाट न बघता. पुढच्या टायमालाबी मी आदल्या दिशीच येनार, तुला आत्ताच सांगून ठिवते."

रोहिदास कठड्याला टेकला. समोर बघतच तो म्हणाला, "त्या दिवशी चाकणला... मला कळलं नव्हतं, आई."

"तू ल्हान व्हता," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

पाचला भोंगा वाजला. सायली फोटो काढत धावत सुटली. किनारा हळूहळू बाजूला सरकायला लागला तशी स्वरूपा नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, ते तिने दोन्ही हातांनी मागे धरले.

"पुढच्या महिन्यात माझ्या भावाची वास्तुशांत आहे," ती म्हणाली. "मी आदल्या दिवशी जाणार आहे. बसने. तुम्ही तुमच्या सवडीने या."

रोहिदासने तिच्याकडे बघितलं, मग आईकडे.

"माझ्याकडं काय बघतो?" शालनबाई म्हणाल्या. "मी न्हाई शिकवलं काय. ती तिच्या मनानं बोलतीय."