राणीशिवायचा कॅरम

मित्रांनो, सौदीतल्या अल खफजीच्या एका कामगार वसाहतीत, बंद पडलेल्या मेसच्या भिंतीला टेकून उभा असलेला मी एक म्हातारा कॅरम आहे. उभं राहणं हे काही कॅरमचं काम नव्हे. कॅरमनं आडवं पडावं आणि चार माणसांनी त्याच्याभोवती बसावं, अशी आमच्यात रीत आहे. पण हल्ली मला कुणी आडवं करत नाही. म्हणून उभ्या उभ्याच सांगतो.

माझा जन्म रत्नागिरीतल्या एका सुताराच्या पडवीत झाला. गुळगुळीत प्लायवूडचं अंग, सागवानी कडा आणि चार कोपऱ्यांना जाळीचे खिसे. बदरुद्दीनचाचा वसाहतीच्या मेसमध्ये आचारी होते. एका सुट्टीनंतर ते मला गोधडीत गुंडाळून इकडे घेऊन आले. दम्मामच्या विमानतळावर मला अडवलं. हा दरवाजा आहे की टेबल, हे त्या अधिकाऱ्याला कळेना. तेव्हा चाचांनी मला तिथेच जमिनीवर ठेवलं आणि एक सोंगटी खिशात घालून दाखवली. अधिकाऱ्यानं दोनदा प्रयत्न केला, त्याची एकही गेली नाही, आणि मग त्यानं आम्हाला जाऊ दिलं.

पुढची कितीतरी वर्षं माझी फार चैनीत गेली. वाळवंटातला वारा बारीक धूळ आणून माझ्यावर टाकी आणि चाचा दर शुक्रवारी ती मऊ फडक्यानं पुसत. वसाहतीच्या दवाखान्यातले औषधवाले जगदीशभाऊ बोरिक पावडर आणत. रात्रीची जेवणं आटोपली की सगळे माझ्याभोवती जमत, पण खेळ लगेच सुरू होत नसे. लाल राणी चाचांकडे असायची, वेलचीच्या रिकाम्या डबीत. भांडी घासून झाली की ते हात पुसत बाहेर येत आणि राणी माझ्या मधोमध ठेवत. राणी आली म्हणजे चाचांचं काम संपलं. त्याआधी खेळायचं नाही, असा मेसचा कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता, म्हणूनच बहुधा सगळे पाळत होते.

माझ्यावरची सर्वांत नावाजलेली जोडी सुशांत आणि उमैर यांची. सुशांत साताऱ्याचा, दवाखान्यात एक्स-रे काढायचा. उमैर श्रीवर्धनचा, गोदामात होता. मित्रांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, कॅरममध्ये जोडीदार शेजारी बसत नाही, समोर बसतो. हे दोघे समोरासमोर बसत, भुवई हलवून एकमेकांना चाल सांगत, आणि जगदीशभाऊंना रोज हरवत.

मग एके दिवशी वसाहतीचे व्यवस्थापक झैदसाहेब आले. एक कंत्राटदार खोलीवर जेवणाचे डबे पोचवायला तयार आहे, असं त्यांनी सांगितलं. मेस ठेवायची की डबे घ्यायचे, हे तुम्हीच मतं टाकून ठरवा. साहेब सभ्य होते. सभ्य माणसांनी विचारलेले प्रश्न फार महागात पडतात.

मेस बंद झाली तर काय होईल, हे फक्त एका माणसाला पुरतं कळलं होतं. चाचांचा इकामा मेसच्या नावावर होता. मेस गेली की मुक्कामाचा परवाना गेला, आणि परवाना गेला की माणूस गेला. त्या शुक्रवारी मला पुसताना ते पुटपुटले, "शरीफाचा नर्सिंग पुरा होईस्तवर तरी ऱ्हायला हवा होता रे." त्यांची लेक दुसऱ्या वर्षाला होती. हे ते मला म्हणाले. मला मत नव्हतं.

सुशांत डब्यांच्या बाजूनं उभा राहिला आणि उमैर मेसच्या. का, हे तेव्हा मला कळलं नाही. दोघांनी आपापली कचेरी थाटली, आणि ती कुठे, तर माझ्यावर. एका संध्याकाळी सुशांतची माणसं, दुसऱ्या संध्याकाळी उमैरची. पांढऱ्या सोंगट्या आपल्या, काळ्या त्यांच्या, मधल्या अजून कुंपणावर. मजला एकवर दोन ढकला, मजला तीनवरचा तो वैभव घसरतोय, त्याला धरा. दुसऱ्या दिवशी त्याच सोंगट्या, त्याच माणसांची नावं, फक्त रंग उलटे. माणसाची एकदा सोंगटी केली की ती ढकलताना बोटाला काही लागत नाही. दोन्ही संध्याकाळी चहा मात्र एकाच माणसानं आणला. चाचा कप ठेवत, कुणी मान वर न करता घेई. त्या सगळ्या बैठकांत 'मेस' हा शब्द शेकडो वेळा उच्चारला गेला. 'चाचा' हा शब्द फक्त साखर कमी पडली तेव्हा.

हळूहळू खेळ घाण झाला. डाळीत आणि मटणात एकच पळी फिरते, अशी कुजबुज सुशांतच्या गोटातून निघाली. डाळीच्या पळीला चाचांनी हिरवा दोरा बांधलेला होता आणि सुशांतनं तो रोज पाहिला होता. उमैरच्या गोटातून निघालं की आज मेस जाईल, उद्या शाकाहारी लोक वेगळा मजला मागतील, मग ईदची बिर्याणीही गेली आणि दिवाळीचा फराळही. एका टेबलावर जेवणारी माणसं दोन टेबलांवर बसू लागली. फडकं तेच होतं, पण चाचा दोन्ही टेबलं वेगवेगळी पुसू लागले. कुणाची तक्रार नको म्हणून.

एका बाबतीत मात्र दोघांचं चटकन जमलं. ज्याला खोली नंबर आहे, त्यालाच मत. नियम सोपा होता. चाचा स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपत. तिला नंबर नव्हता.

मतमोजणी माझ्यावरच झाली. चिठ्ठ्यांचे दोन ढीग झाले. जगदीशभाऊंनी पुन्हा मोजलं. अवघ्या दोन मतांनी डबे जिंकले. काहींनी टाळ्या वाजवल्या, काही उठून गेले. आणि स्वयंपाकघराच्या दारातून चाचांनी हळूच विचारलं,

"मग उद्याचा पीठ भिजवू का नको, तेवढा सांगा."

टाळ्या थांबल्या. जगदीशभाऊंनी चष्मा काढला आणि ते म्हणाले, "चाचा, तुमचा इकामा कुणाच्या नावावर आहे?"

"मेसच्या," चाचा म्हणाले. "आणि कोणाच्या आसणार?"

सुशांत आणि उमैर तसेच उठून झैदसाहेबांकडे गेले. कितीतरी दिवसांनी दोघे एका दिशेनं चालले होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की निकाल वर कळवला आहे, ठरवणारे तुम्हीच होता, आता खलास. त्यांनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी दोघांना कावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला.

परत येऊन दोघे माझ्याजवळ बसले, चिठ्ठ्या अजून माझ्यावरच होत्या.

सुशांत म्हणाला, "उम्या, मला वाटलं होतं आम्ही हरू. सामना जरा चुरशीचा व्हावा, एवढंच होतं रे माझ्या डोक्यात."

उमैरनं एक चिठ्ठी दुमडली. "आणि मी तुला हरवायला बसलो होतो," तो म्हणाला. "चाचांना वाचवायला बसलोच नव्हतो."

चाचा गेले तो शुक्रवार होता. गाडी दारात उभी असतानाही त्यांनी मला पुसलं, चारही खिशांत बोट घालून धूळ काढली. हिरव्या दोऱ्याची पळी, दोन लुंग्या आणि वेलचीची डबी त्यांनी पिशवीत भरली. डबीत राणी आहे, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मतांच्या धामधुमीत कुणी खेळलंच नव्हतं, तर राणी निघणार कशाला?

आता खोल्यांवर डबे येतात. वेळेवर येतात, मी खोटं बोलणार नाही. ज्याचा तो आपल्या दारामागे जेवतो.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी सुशांत आणि उमैर आले. त्यांनी मला आडवं केलं, बाहीनंच धूळ झटकली आणि समोरासमोर बसले. पांढऱ्या, काळ्या सोंगट्या गोल मांडल्या. मधे एका सोंगटीएवढी जागा मोकळी राहिली. सुशांतनं स्ट्रायकर हातात घेतला. उमैर सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. मग सुशांतही बघू लागला. दोघे तसेच बसून राहिले, आणि अंधार पडल्यावर मला पुन्हा भिंतीला लावून निघून गेले.

मित्रांनो, माझ्या अंगावरची धूळ कधीही पुसता येईल, तिची मला फारशी काळजी नाही. पण तुमच्यात एखाद्या गोष्टीचा फैसला करायची वेळ आली, तर हात वर करण्याआधी एकदा दाराकडे बघा. तिथे चहाचा ट्रे घेऊन कुणी उभं असेल. त्याला आधी आत बोलवा, बसायला जागा द्या आणि विचारा. राणी त्याच्याकडे असते.