नववा ड्राइव्ह

"माझ्याच हाताला यश नाही बघ," ताई म्हणाली. "चांगली वस्तू घेतली तरी माझ्या घरी आली की आजारी पडते."

धाकटा भाऊ तिच्या संगणकापुढे वाकून बसला होता. एका लग्नाचं चित्रीकरण जुन्या ड्राइव्हवरून नव्या ड्राइव्हवर उतरत होतं. सुरुवातीला वेग सेकंदाला पाचशे एमबीच्या वर होता. बघता बघता तो दीडशेवर आला, मग साठवर, आणि तिथेच ठाण मांडून बसला.

"रोज असंच होतं?"

"रोज. आधी घोडा, मग गाढव. तेही रुसलेलं." ताई हसली, पण ते हसणं ओठांच्या पुढे गेलं नाही. "फोटोग्राफरने परवा काम काढून घेतलं. म्हणाला, 'मावशी, आता तुम्हाला झेपत नाही.' मी म्हटलं, अरे, मी झटपट करते, मशीन अडतं. तर म्हणतो, 'मशीन नवं घेतलंत ना?' काय बोलणार त्यावर?"

शाळेतली नोकरी संपल्यावर ताईने हे काम हट्टाने शिकून घेतलं होतं. लोकांच्या समारंभांची सात-सात तासांची चित्रीकरणं कापून-जोडून तासाभरात बसवायची. हात बसला होता, चार माणसं नावाने विचारत येऊ लागली होती. साठवणीचा हा नवा ड्राइव्ह, एसएसडी, तिने भावाच्या शब्दावर घेतला होता. एका संगणकविषयक मासिकात तो अकरा वर्षं घरगुती संगणकांच्या ड्राइव्हची तुलना लिहीत आला होता, आणि यंदाच्या नऊ ड्राइव्हच्या तक्त्यात पहिला क्रमांक याच ड्राइव्हचा होता.

'ताई, तुझं काही चुकलेलं नाही,' एवढं म्हणायला हवं होतं. शब्द ओठांशी आले आणि आल्या पावली परत गेले.

"मी घरी नेऊन बघतो," तो म्हणाला.

कचेरीत त्याला 'तराजू' म्हणत. थोडं कौतुकाने, जास्त चेष्टेने. बाकीचे लोक पाच मिनिटांची चाचणी घेऊन आकडे देत, आणि हा प्रत्येक ड्राइव्ह काठोकाठ भरेपर्यंत त्याच्यासमोर बसून राही. एसएसडीच्या तोंडाशी थोडी झटपट जागा असते. ती भरेपर्यंत सगळेच शूर. खरा कस त्यानंतर लागतो. "पाहुण्याची पारख तिसऱ्या दिवशी करावी आणि ड्राइव्हची शंभर जीबीनंतर," असं तो नव्या मंडळींना सांगे. त्याचं ठरलेलं बोलणं एवढं एकच. एरवी चारचौघांत तो तोंड उघडायला बिचके.

घरी त्याने ताईचा ड्राइव्ह तीनदा तपासला. तिन्ही वेळा साठ. खरं तर एकदाही तपासायची गरज नव्हती. कपाटात चाचण्यांची वही होती. आठ ड्राइव्हना एकेक पान, दर पाच मिनिटांचा आकडा. नवव्याच्या, म्हणजे ताईच्या ड्राइव्हच्या, पानावर फक्त दोन ओळी.

नववा ड्राइव्ह शेवटच्या दिवशी दुपारी आला होता. अंक छपाईला निघालेला. त्याने वीस जीबी भरले, आकडे डोळे दिपवणारे आले. आठ भरून झालेत, हा काय जगावेगळा निघणार, असं त्याच्या मनाने घेतलं. 'पूर्ण भरल्यावरचा वेग' या रकान्यात त्याने इतरांच्या प्रमाणात एक आकडा लिहून टाकला. कुणी विचारलं नाही. तो हे विसरला होता असंही नाही. आठवायचं टाळत होता.

आठवडाभर त्याने चार ओळींचं निवेदन लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. मग संपादकापुढे ठेवलं. संपादक त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि स्वभावाने सज्जन.

"काका, किती जणांनी तक्रार केली?"

"एकानेही नाही."

"मग कशाला हे? पुढच्या तक्त्यातून तो ड्राइव्ह हळूच काढून टाका. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"ज्यांनी घेतलाय, ते स्वतःला दोष देत बसले असतील."

संपादकाने कागद पुन्हा वाचला. "बरं, छापू. पण 'चाचणीत चूक झाली' एवढंच लिहा ना. 'मी अंदाजाने आकडा लिहिला' हे कशाला?"

"चुकून झालं तर चूक. मला माहीत होतं."

"अहो, पण मग लोक तुमचे अकरा वर्षांचे आकडे खोटे धरतील. बाकीचे खरे आहेत ना?"

"आहेत."

"ते कसं पटवून देणार?"

संपादकाचंच बरोबर असेल, असं त्याला क्षणभर वाटलं. तसं त्याला बहुतेक वेळा समोरच्याचंच बरोबर वाटे. पण त्याने कागद मागे घेतला नाही.

संपादकाने पेनचं टोपण लावून कागद आपल्याकडे ओढला. "मग पुढच्या वर्षीपासून तक्ता दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल, काका."

"हो," तो म्हणाला. "तेच बरं."

तिथून तो थेट ताईकडे गेला. वाटेत तक्त्यातला दुसऱ्या क्रमांकाचा ड्राइव्ह विकत घेतला. संगणक आडवा करून झाकण काढलं, आणि स्क्रूवरची नजर न हलवता सगळं सांगून टाकलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

ताई पदराला हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"म्हणजे तू तो भरून बघितलाच नव्हतास?"

"नाही."

"मी तीन महिने रोज पहाटे उठून या मशीनची मनधरणी करतेय. मला वाटलं, माझीच बटणं चुकतात."

तो पुढचा स्क्रू फिरवू लागला.

"गेल्या आठवड्यात इथे बसला होतास, तेव्हा ठाऊक होतं तुला?"

स्क्रू हातातून निसटून टेबलाखाली गेला. तो शोधायला तो वाकला, आणि वाकलेला असतानाच म्हणाला, "हो."

"मी हाताला यश नाही म्हणत होते, आणि तू ऐकून घेत होतास."

"ताई, मी लिहून दिलंय. पुढच्या अंकात छापून येणार आहे."

"जगाला छापून सांगशील रे. मला तोंडाने सांगायला आठ दिवस लागले तुला."

तो टेबलाखालून बाहेर आला. स्क्रू सापडला होता. "फोटोग्राफरला मी भेटून सांगू का?"

"काही नको. माझं मी बघेन."

नवा ड्राइव्ह बसला. झाकण लागलं, संगणक सुरू झाला. "हा मी पूर्ण भरून तपासलाय," तो चाचरत म्हणाला. "शंभर जीबीनंतर याचा वेग—"

"वाचलंय तक्त्यात," ताई म्हणाली.

तिने खुर्ची ओढून स्वतःच पडद्यासमोर घेतली. चष्मा लावला. जुन्या ड्राइव्हवरची सगळी चित्रीकरणं निवडली आणि नव्यावर सोडली. मोबाइलवर घड्याळ लावून तो कीबोर्डशेजारी उभा केला. एरवी चाचणीच्या वेळी पडद्यासमोरची जागा त्याची असे. तो बाजूच्या स्टुलावर बसला. तिथून पडदा दिसत नव्हता. काय करावं न सुचून त्याने पिशवीतून चाचण्यांची वही काढली, मांडीवर उघडली.

पाच मिनिटं झाली.

"पाचशे दहा," ताई पडद्याकडे बघत म्हणाली.

त्याने लिहिलं.

पुन्हा पाच मिनिटं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी करून गेलं. ताईने हनुवटीखालचा हात काढला नाही.

"चारशे ऐंशी. लिहिलंस?"

"लिहिलं."

"दाखव."

त्याने वही फिरवली आणि तिला नीट वाचता येईल अशी, दोन्ही हातांनी, तिच्यासमोर धरली.